मागचा जिना

मी गाडीतून उतरले तेव्हा जिन्याची सर्वांत खालची पायरी उखडलेली होती. चार गडी पहारी लावून दुसरीशी झटत होते आणि काढलेला दगड गवतावर उताणा पडला होता. त्याच्या अंगावर द्राक्षांचे घड होते, वेलींच्या पिळात सोंड उंचावलेला एक हत्ती होता, आणि एक तरुण बाई गुडघ्यांवर बसून मऊ कुंचल्याने त्या हत्तीच्या कानातली माती काढत होती.

"थांबवा," मी म्हटले.

गडी थांबले. त्यांचा मुकादम घाडी डोक्याचा पंचा सोडून पुढे आला. "बाईसाहेबांनू, आमका सांगलेला तसा आम्ही करतंव."

"कोणी सांगितलं?"

त्याने महालाकडे नुसते पाहिले.

"मग त्यांना बोलावून आण. तोपर्यंत पहारी खाली ठेवा."

आणि कोणी काही बोलायच्या आत मी तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. लुगडे रेशमी होते, पायरीवर चुन्याचा चिखल होता. त्या वर्षी मी सदुसष्ट वर्षांची होते आणि माझ्या आठवणीत मी दुसऱ्या कोणत्याही पायरीवर अशी कधी बसले नव्हते.

हा तळकोटच्या राजांचा उताऱ्याचा महाल. समुद्राकाठच्या राजधानीहून घाटावरच्या उन्हाळी गादीकडे जाताना वाटेत एक रात्र काढायची, तेवढ्यासाठी बांधलेला. बांधणारे आमचे जुने पूर्वज रायाजीराव तरुणपणी फिरंग्यांकडे ओलीस म्हणून गोव्यात राहिले. फिरंग्यांचा द्वेष त्यांनी मरेपर्यंत केला, पण त्यांच्या देवळांवरून त्यांचे मन काही उठले नाही. परतल्यावर त्यांनी गोव्याचे गवंडी आणवले आणि घाटाच्या पायथ्याशी, ऐन-सागाच्या रानात, पिळाचे खांब, शिंपल्यांसारख्या कमानी आणि गुबऱ्या गालांची पंखवाली बाळे उभी केली. त्या बाळांच्या कानांत मात्र त्यांनी भिकबाळ्या घालायला लावल्या. दर्शनी बाजूला हत्तीवरून उतरण्याचा नक्षीदार चौथरा, आत दोन्ही अंगांनी वळत जाणारा जिना, वर जनानखाना.

संस्थान विलीन झाल्यावर सरकारने तिथे धान्य साठवले, मग शाळा भरवली. पोरांनी दगड मारून बाळांची नाके उडवली. पुढे महाल आमच्या ट्रस्टकडे परत आला आणि माझा पुतण्या हंबीर, जो ट्रस्टचा मुख्य आणि ज्याला मी तान्हेपणापासून वाढवला, त्याने तो पूर्वीसारखा करून तिथे हॉटेल काढायचे ठरवले. मी विरोध केला नाही. शिंपल्यांचा चुना गुळाच्या पाण्यात मळताना मी स्वतः उभी राहून पाहिला. भिंतींवरचा सरकारी ऑइलपेंट उतरला आणि खालून रायाजीरावांचा पिवळा रंग वर आला, त्या दिवशी मी सर्व गड्यांना पुरणपोळी घातली. रागाचे कारण ते काम नव्हते.

"मॅडम, मी केतकी वागळे," कुंचला हातात धरून ती बाई उभी राहिली. "जतनाचं काम माझ्याकडे आहे."

"ठाऊक आहे. बाळांची नाकं तुम्ही बसवलीत. चांगली बसवलीत."

"थँक यू, मॅडम."

"या जिन्याला काय झालं होतं?"

ती उत्साहात आली. ज्याला आपले काम येते त्याला विचारणाऱ्याच्या आवाजातला काटा कळत नाही. "मॅडम, हा जिना मूळ महालात नाहीच. महालाची पुढची आणि मागची बाजू एकमेकींची जोड आहे. तशाच खिडक्या, तशाच कमानी. मधेच कुणीतरी वरची एक खिडकी फोडून दार केलं आणि हा ओबडधोबड जिना खाली सोडला. नोकरांची ये-जा पुढून नको म्हणून असेल. नोकरांचा जिना. आणि दगड कुठले वापरलेत बघा. जुन्या फोटोत पुढे हत्तीचा चौथरा दिसतो ना, जो आज जागेवर नाही? तो हा. सगळाच्या सगळा इथे आहे. नक्षी आत, पाठ बाहेर. ज्यानं हे केलं त्याला आपण काय करतोय याची काही जाणीवच नसणार."

"होती," मी म्हटले.

"तुम्हाला माहीत आहे कुणी केलं?"

"माझ्या सासूबाईंनी."

ती जरा वरमली. "मग त्यांना कुणीतरी चुकीचा सल्ला दिला असेल."

"माझ्या सासूबाईंना सल्ला देणारा माणूस तळकोटात जन्मला नव्हता."

एवढ्यात हंबीर कोपऱ्यावरून आला. अंगाने तो त्याच्या आजोबांवर गेला होता, आणि उरलेले साम्य त्याने कष्टाने मिळवले होते: तशाच मिशा, तसाच हात पाठीमागे बांधून चालण्याचा ढंग.

"काकीसाहेब, आपण पायरीवर? अरे, खुर्ची आणा कुणीतरी."

"खुर्ची नको. ही पायरी परत बसव."

तो हसला. "हत्ती पाहिलात ना? आजोबांचा चौथरा. लहानपणापासून ऐकत आलो, चोरीला गेला म्हणून. आणि निघाला आमच्याच परसात. लोक म्हणतात ते खोटं नाही, केतकीताई. मी पायाळू आहे. जन्मताना पाय आधी आले. पायाळू माणसाला पुरलेलं धन दिसतं."

केतकी हसली. मी हसले नाही.

"धन नाही ते. पायरी बसव."

"काकीसाहेब, संध्याकाळपर्यंत सगळे दगड पुढच्या बाजूला जायचेत. क्रेन उद्या सकाळी परत जाते. दसऱ्याला उद्घाटन आहे. मंत्री बग्गीतून येणार आणि आजोबा उतरायचे तसे चौथऱ्यावर उतरणार. सगळं ठरलंय."

"कधी ठरलं?"

"गेल्या बैठकीत. ठराव झाला."

"मी तापानं अंथरुणात असताना."

"आपला ताप उतरेपर्यंत थांबायला हवं होतं, मान्य. पण थांबलो असतो तरी आपलं एक मत. बाकी सगळे चौथऱ्याच्या बाजूचे."

हे खरे होते आणि म्हणूनच अधिक झोंबले. माझ्या हातात हुकूम उरला नव्हता. हुकमाचा आवाज तेवढा उरला होता, आणि तो घाडीपुरताच चालत होता.

"मला कारण सांगा," हंबीर माझ्यासमोर उकिडवा बसला. आता तो खरोखरच समजुतीने बोलत होता. "एक कारण, काकीसाहेब. पटलं तर काम आत्ता थांबवतो."

कारण होते. पण ते या एका माणसाला कधी सांगायचे नाही, असा शब्द माझ्या सासूबाईंनी माझ्याकडून घेतला होता. दुसऱ्या कोणालाही मी सांगू शकले असते. दुसऱ्या कोणी कधी विचारले नाही.

"बायकांना उतरायला जिना लागतो," मी म्हटले.

"बायका पुढच्या जिन्यानं उतरतील. आता गोषा कुठे राहिलाय? आपल्या घराण्यातला तर आपणच मोडलात."

"आणि आग वगैरे लागली तर कोपऱ्यात लोखंडी जिना देतोय," केतकी म्हणाली. "झाडांच्या आड. दिसणारसुद्धा नाही."

"बघितलंत? सगळ्याचा विचार केलाय."

"हा जिना दिसला पाहिजे."

"का पण?"

मी पायरीवर नीट टेकून बसले. हंबीर उठला. पँटची धूळ झटकली. समजुतीचा त्याचा वाटा संपला होता.

"घाडी, वरून सुरू करा. काकीसाहेब खाली बसल्यात त्या बसू देत." मग माझ्याकडे न पाहता, केतकीला सांगावे तसे तो म्हणाला, "सासू-सुनांचा कुठलातरी जुना रुसवा असणार. त्यापायी आजोबांची वस्तू मातीत तोंड घालून पडायची, हे मला नाही पटत."

रुसवा. त्या दिवसापर्यंत मला वाटत असे की मला राग येतो. येत होता तो केवळ ताप. राग त्या शब्दासरशी आला, आणि तो अगदी थंड होता.

"घाडी," मी म्हटले, "गड्यांना घेऊन जेवायला जा."

"बाईसाहेबांनू, अजून येळ..."

"जा."

ते गेले. केतकीही कुंचले गोळा करू लागली.

"तुम्ही थांबा. नोकरांचा जिना म्हणालात ना? ऐकून जा." मग मी हंबीरकडे वळले. "तुझी आई कुठे गेली?"

तो गोंधळला. "तळकोटला. दवाखान्यात. माझ्या जन्माच्या वेळी."

"तुला कोणी सांगितलं?"

"आपणच."

"खोटं सांगितलं. ती इथे गेली. वर, त्या दाराच्या आतल्या खोलीत. आज तिथे तुमचे गालिचे गुंडाळून ठेवलेत."

त्याने वर पाहिले. मग माझ्याकडे. मी बोलत गेले.

"सेहेचाळीसचा वैशाख. आम्ही घाटावर निघालो होतो. तुझे वडील मलायात पलटणीत होते. कुमुदवहिनींना आठवा महिना होता, पण उन्हाळी गादीला सगळ्यांनी जायचं म्हणजे सगळ्यांनी. तेव्हा वर जायला एकच जिना होता, पुढचा, दिवाणखान्यातून चढणारा. घराण्यातल्या बाईचा पाय त्याला लागायचा नाही. भोई आमचे मेणे उचलून वर न्यायचे, भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, आणि आम्ही बाहेर पडलो की रिकामे मेणे घेऊन खाली जायचे. दुसऱ्या दिवशी निघतानाच परत यायचे. मधे खाली यायची रीत नव्हती. रीत नव्हती म्हणून सोय नव्हती. त्या दिवशी भोई आम्हाला वर पोचवून नदीपलीकडे लग्नाला गेले."

केतकीने कुंचले खाली ठेवले.

"दुपारी जेवणाच्या वेळेला वहिनींच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण बरोबर होती. तिनं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, पाय पुढे आहेत, माझं काम नाही, दवाखान्यात न्या. मिशनचा दवाखाना मोटारीनं दीड-दोन तासांवर. मोटार दारात उभी. ड्रायव्हर आत बसलेला."

"मग?" हंबीर म्हणाला.

"मग काय. खाली दिवाणखान्यात पंगत बसली होती. शिकारीला एक गोरा साहेब आला होता, त्याच्यासाठी चांदीची ताटं काढली होती. सासूबाईंनी निरोप धाडला, दिवाणखाना मोकळा करा, सुनेला खाटेवरून खाली आणायची आहे. उत्तर आलं, पाहुणे पानावर आहेत, भोयांना बोलावणं गेलं आहे. पुन्हा निरोप धाडला. तेच उत्तर. तिसऱ्या वेळी उत्तरच नाही."

"आजोबांना कळलं नसेल किती..."

"मी सांगितलं त्यांना. मी खाली गेले."

"आपण?"

"एकोणीस वर्षांची होते. डोक्यावरून पदर घेतला आणि त्या जिन्यानं उतरले. सगळ्यांचे हात ताटावर थांबले. तुझ्या काकांनी मान खाली घातली, ती त्यांनी पुढे माझ्यासमोर कधी नीट वर केली नाही. आणि त्या साहेबानं, फार सभ्य माणूस होता, माझी अदब राखायला म्हणून आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली. मी म्हटलं, महाराज, वहिनीसाहेब मरतील. दिवाणखाना मोकळा करा."

मी थांबले. मला आवाज चढवायचा नव्हता. त्यांनीही चढवला नव्हता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पाहुण्याला भरल्या पानावरून उठवायची या घराण्याची रीत नाही. वर जा. आणि वाढप्याला खूण केली, बासुंदी फिरव म्हणून."

वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंत घासत होते.

"वर आले. पंगत उठली तोवर तुझे पाय आले होते आणि सुईण वहिनींना हलवू देईना. मग खूप वेळानं तू आलास. सुईणीनं तुला उलटा धरून रडवला. आणि वहिनी वाहत राहिल्या. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शुद्ध होती बराच वेळ. मला म्हणाल्या, मोटार चालू आहे का गं अजून? मी म्हटलं, हो. दिवेलागणीला भोई आले. मेणा वर आला. त्या मेण्यातूनच त्यांना खाली नेलं, रीतीप्रमाणे. भोई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले."

हंबीरने एक हात जिन्याच्या कठड्यावर टेकला. कठडाही त्या चौथऱ्याचाच होता.

"सुतक फिटल्याबरोबर सासूबाई गवंडी घेऊन इथे आल्या. मला बरोबर घेतलं. चौथरा फोडायला लावला आणि त्याच्या दगडांचा हा जिना घातला. गवंड्यानं विचारलं, नक्षी बाहेर ठेवू का? म्हणाल्या, आत. हा जिना बघायला नाही, उतरायला आहे."

"आजोबांनी करू दिलं?"

"ते आले होते पाहायला. म्हणाले, चौथरा मोडलात, आता मी हत्तीवरून उतरू कसा? सासूबाई म्हणाल्या, भोई येईपर्यंत थांबावं."

केतकीच्या तोंडून श्वासासारखा काहीतरी आवाज निघाला.

"पुन्हा ते या महालात राहिले नाहीत. घाटाला जाताना मोटार न थांबवता पुढे न्यायचे. चौथरा चोरीला गेला, हे त्यांनीच पसरवलं. जिना पुरा झाला त्या दिवशी सासूबाई वरच्या दारातून बाहेर आल्या आणि गवंडी, भोई, गावचे लोक, सगळ्यांच्या देखत उघड्या तोंडानं खाली उतरल्या. मागून मी. नोकर कोणी नव्हतं."

हे शेवटचे वाक्य मी केतकीकडे पाहून म्हटले. तिने नजर चुकवली नाही, एवढे तिच्या बाजूने सांगायला हवे.

हंबीर बोलला तेव्हा त्याचा आवाज मला परका वाटला. "मी रोज सकाळी आजोबांच्या तसबिरीला फूल वाहतो. लहानपणी परडी आपण हातात द्यायचात."

"द्यायचे."

"रोज."

"रोज. सासूबाईंनी शब्द घेतला होता. म्हणाल्या, पोरगं आजोबाच्या मांडीवर वाढणार आहे. त्याला हे कळलं तर ते बसेल कुठे?"

"आणि आज? आज शब्द कुठे गेला?"

"आज तू जिन्याला पहार लावलीस."

"मला आधी सांगितलं असतंत तर लावली असती का?" तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. "अठ्ठेचाळीस वर्षं, काकीसाहेब. मी मिशासुद्धा त्यांच्यासारख्या..." पुढचे त्याने गिळले, वळला आणि महालाला वळसा घालून पुढच्या बाजूला निघून गेला.

मी जागची हलले नाही. केतकी माझ्या पायांपाशी गवतात बसली. हत्तीचा दगड आमच्या दोघींच्या मधे होता.

"बाईसाहेब, माझी चूक झाली," ती म्हणाली. "मी हा जिना पुन्हा उभा करून देते. आणि इथे एक पाटी लावते. हे सगळं लिहून. तारखेसकट. लोकांना कळायला हवं."

"पाटी नको."

"पण का? हा इतिहास आहे."

"लोक पाटी वाचतील, चुकचुकतील आणि पुढच्या जिन्यानं वर जातील. मला हळहळ नको आहे, मुली. जिना ठेव."

"नुसताच?"

"तो नुसताच होता. सासऱ्यांच्या दिवाणखान्यात सगळं नक्षीचं होतं."

घाडी आणि गडी हात पुसत परतले आणि मला तिथेच बसलेली पाहून अंतर राखून उभे राहिले. हंबीर परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि चेहरा दगडासारखा. मी त्याला तान्हा असल्यापासून ओळखते, पण त्या चेहऱ्याने तो काय सांगणार आहे हे मला कळेना. त्याच्यामागे क्रेनवाला येत होता.

"क्रेन परत जाऊ दे," त्याने त्या माणसाला सांगितले. मग घाडीला म्हणाला, "ती खालची पायरी होती तशी बसवा. आजच."

"नक्षी वयर ठेवूक होई काय, राजानू? एकदा काढलीच हा तर..."

"नक्षी आत."

मग तो माझ्यासमोर आला. हात द्यायला नव्हे. हात त्याने पाठीमागे बांधले होते.

"उठा, काकीसाहेब. दगड बसवायचाय."

आवाज माझ्या सासऱ्यांचा होता. हुकूम सासूबाईंचा होता. मी उठले.

मंत्री दसऱ्याला आले आणि बग्गीतून साध्या मातीवर उतरले. त्यांच्या बुटांना काही झाले नाही. हंबीर वर्षभर माझ्याशी कामापुरते बोलला. तसबीर त्याने काढली नाही आणि फूलही वाहिले नाही. मी दोन्हींबद्दल विचारले नाही. तो त्याचा आणि त्यांचा हिशेब होता आणि मी त्यात पडणार नव्हते; माझा मी त्या दुपारी चुकता केला होता.

हॉटेलचे मॅनेजर दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. प्रत्येक नवा मॅनेजर मला भेटायला येतो, पाया पडतो, आणि चहा होताच अंगणाकडे वळून म्हणतो की बाईसाहेब, मागचा तो जिना फोटोत फार वाईट दिसतो, पाहुण्यांच्या तक्रारी आहेत, त्याच्यावर एखादी छान वेल सोडली तर. आताचा तर कमलवेलीचे रोप गाडीत घालूनच घेऊन आला होता. मी त्याला म्हटले, अवश्य लावा, आणि सोबत दुसरी नोकरीही शोधायला लागा.

रोप त्याने परत नेले.